तुळसाचं आधीचं रक्त

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली मी फिल्म चिमट्यात धरून द्रावणात हलवत होते आणि तोंडानं रामाचं नाव घेत होते.

डावीकडे रेघ उमटली. ती उमटणारच होती. माझी नि तिची पाच वर्षांची ओळख होती. माझा सगळा जीव उजव्या बाजूला अडकला होता. उजवीकडे काहीही उमटायला नको होतं.

"रामा, कोरी राहू दे," मी म्हटलं. "एवढी एक बाजू कोरी राहू दे. दुसरं काही मागत नाही."

आणि उजवीकडे, डावीच्याच उंचीवर, दुधावर साय धरावी तशी सावकाश एक रेघ धरली. आधी वाटलं, डोळ्यांचा भास. मग ती काळी झाली. डावीहून थोडी फिकी, पण तीच.

ही तिसरी खेप होती. पहिल्या दोन खेपांना मी भांड्यांना दोष दिला होता, पाण्याला दिला होता, स्वतःच्या हाताला दिला होता. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं. फिल्म धुतली, वाळत घातली आणि तिथल्याच स्टुलावर बसून राहिले.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. आमच्या कृषी विद्यापीठात मी डॉ. देवळाणकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय करडईचा. खारवट जमिनीत इतर पिकं माना टाकतात, पण करडईचा एक वाण बऱ्यापैकी तग धरतो. त्याच्या मुळांत सरांना एक प्रथिन सापडलं होतं. पेशीच्या भिंतीत बसून ते काहीतरी आतबाहेर वाहून नेत असावं, इतकं त्याच्या घडणीवरून कळत होतं. काय वाहून नेतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सर पक्के कीर्तनवेडे. त्यांनी त्या प्रथिनाचं नाव ठेवलं होतं 'भोई'.

"पालखी दिसते आहे, सुहासिनी," ते म्हणायचे. "भोई चाललाय तेही दिसतंय. पण पडदे ओढलेले. आत कोण बसलंय? मीठ? जस्त? की नुसतीच रिकामी पालखी? आधी भोई कुठल्या वाटेनं जातो ते बघ. वाट कळली की स्वारी कळेल."

वाट बघायची युक्ती अशी : भोयाचा एक बारीक तुकडा सशाला टोचायचा. परकं काही अंगात आलं की सशाचं रक्त ते ओळखायला शिकतं. मग ते रक्त घ्यायचं, ते गोठून वर पिवळसर निवळ आली की तिच्यानं मुळांच्या चकत्या माखायच्या. जिथं भोई असेल तिथं ती निवळ चिकटणार, आणि तेवढीच जागा सूक्ष्मदर्शकाखाली चमकणार. मुळं वाटून त्यांचा रस तपासला तर फिल्मवर भोयाच्या वजनाच्या जागी रेघ उठणार.

आम्ही दोन ससे घेतले होते. नावं मारोतीमामांनी ठेवलेली. मारोतीमामा प्राणिघराचे राखणदार, राममंदिरात कीर्तनाला झांज धरणारे. मादीचं नाव तुळसा, नराचं बंब्या. दोघांनाही सारखंच टोचलं. तुळसाच्या रक्तानं भोई झकास ओळखला. बंब्याच्या रक्तानं काहीच ओळखलं नाही, चार वेळा टोचूनही नाही.

"एक हुशार, एक ढ," सर हसून म्हणाले होते. "प्रत्येक वर्गात असतात."

तेव्हापासून बंब्याला सगळी प्रयोगशाळा ढ म्हणायची.

आता उजव्या बाजूचं सांगते. टोचायच्या आधी सशाचं थोडं रक्त काढून ठेवतात. त्याला आम्ही 'आधीचं रक्त' म्हणायचो. टोचल्यानंतरच्या रक्तानं जे ओळखलं ते आधीचं रक्त ओळखत नसेल, तरच ते आपण शिकवलेलं. साधा हिशेब. पण तुळसा आमच्याकडे आली तीच आजारी. तिचं आधीचं रक्त निघालं जेमतेम अर्धा चमचा. सरांनी ती नळी बुचाला मेण लावून बंद केली आणि शीतपेटीत अगदी मागे ठेवली.

"ही आपली गंगा," ते म्हणाले. "देवघरात गंगेचा गडू असतो ना, तसा. उठसूट फोडायचा नाही. अगदी अखेरच्या वेळेला."

मग रोजच्या कामाला आम्ही बंब्याचं आधीचं रक्त वापरलं. ते भरपूर होतं. ससा तो ससा, असं आम्ही धरून चाललो. पाच वर्षं धरून चाललो. बंब्याच्या रक्तासमोर तुळसाचं रक्त लखलखीत उठून दिसायचं. मुळाच्या मधल्या नळ्यांभोवती हिरव्या उजेडाचं कडं. ते चित्र सरांनी मोठं करून आपल्या टेबलामागे लावलं होतं.

त्या चैत्रात माझा प्रबंध टंकून झाला होता. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी द्यायचा. त्याच्यानंतर प्राणिघराच्या नेमाप्रमाणे तुळसाचं अखेरचं रक्त घ्यायचं, म्हणजे सगळंच घ्यायचं. मारोतीमामा रोज विचारायचे, "ताई, तारीक ठरली का हो?" मी म्हणायचे, "अजून नाही." जूनअखेर सर निवृत्त होणार होते. आमचा लेख परदेशी पाठवला होता, तिथून एकच प्रश्न आला होता : त्याच सशाचं आधीचं रक्त का दाखवलं नाही?

सरांना आनंदच झाला. "बघ, आली वेळ! फोड गंगा."

आणि मी फोडली होती. फिल्मवर डावीकडे तुळसाचं टोचल्यानंतरचं रक्त, उजवीकडे ही गंगा.

*

संध्याकाळी फिल्म कागदात गुंडाळून पिशवीत घातली आणि राममंदिरात गेले. चैत्राचं नवरात्र, सहावा दिवस. सर नऊ दिवस कुणाला घरी भेटत नसत. मंडप भरलेला. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले.

बुवा नगरकडचे होते, आवाज तापलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा. पूर्वरंग संपून आख्यान सुरू झालं होतं. रामानं टाकलेल्या एका शब्दासाठी कोण कुठवर गेलं, ते बुवा सांगत होते. एरवी मी अशा जागी स्वतःला विसरते. माझ्या आजोळी सगळे टाळकरी, कीर्तन मला पान्ह्यासारखं मिळालेलं. त्या दिवशी मात्र बुवांचा एकेक शब्द कानावर येऊन खाली पडत होता.

सर पहिल्या रांगेत. मांडीवर बोटांनी ठेका चाललेला. मध्येच त्यांनी मान वळवली, मी दिसले. चेहरा उजळला. त्यांनी भुवया उंचावून, हाताचा पंजा फिरवून दुरूनच विचारलं : काय? झालं?

मी मान हलवली. का हलवली, आजही सांगता येत नाही. नाही म्हणायला हलवली असेन, पण ती 'नाही'सारखी दिसली नाही. त्यांनी तिचं हो केलं. दोन्ही हात जोडून रामाकडे बघितलं आणि पुढं, गजर झाला तेव्हा, इतक्या मोठ्यानं टाळी वाजवली की बुवांनी हसून त्यांच्याकडे बघितलं.

झांजेवर मारोतीमामा होते. डोळे मिटलेले, अंगावर घामाच्या धारा.

कीर्तन संपलं. सर कपाळाला बुक्का, हातात खडीसाखर, असे गर्दीतून वाट काढत आले आणि मला हाताला धरून बुवांपुढे घेऊन गेले.

"बुवा, ही सुहासिनी. आमच्या भोयाचा पत्ता हिनं लावला. आज शेवटची परीक्षा होती. पास झाली."

बुवा म्हणाले, "वा, वा. कुणाचा भोई?"

"तेच तर रामाला माहीत!" सर खळखळून हसले. "स्वारी कोण ते पुढची पिढी शोधेल. आम्ही वाट तेवढी दाखवून चाललो."

मी बुवांच्या पाया पडले. डोक्यावर हात आला. तो हात डोक्यावर असताना मला धरणी दुभंगली तर बरं असं वाटलं.

चपलांच्या ढिगापाशी आम्ही दोघंच उरलो.

"सर."

"उद्याच कागद टाइप करू. परवाच्या टपालानं..."

"सर, रेघ आली."

"आली ना! यायचीच."

"दोन्हीकडे आली."

ते वाकून चपला शोधत होते. शोधतच राहिले. त्यांची चप्पल त्यांच्या पायापाशी होती, अंगठा तिला लागत होता. त्यांनी दुसऱ्यांच्या चार चपला उचलून परत ठेवल्या.

"गेली कुठं बरं..." ते म्हणाले.

"सर, ही काय."

"हं. हो." चप्पल घातली. मग म्हणाले, "नळी बदलली असेल."

"नळीवर तुमच्या हातचं मेण होतं."

"किती वेळा केलंस?"

"तीन."

त्यांनी हातातली खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. "उद्या सकाळी माझ्यासमोर कर," म्हणाले. "आज जा. जेवून झोप."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथी फिल्म आली. सरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून धरली, चष्मा काढून धरली. मग टेबलामागच्या चित्राकडे वळून बघितलं. ते हिरवं कडं. पाच वर्षं ज्याला आम्ही भोयाची वाट म्हणत होतो ते.

"टोचायच्या आधीच तुळसा करडई ओळखत होती," ते हळू म्हणाले. "हे हिला शिकवलं कुणी?"

आम्ही प्राणिघरात गेलो. मारोतीमामा पिंजरे धूत होते. सरांना बघून त्यांनी नळ बंद केला, हात धोतराला पुसले. त्यांची नजर सरांच्या हाताकडे गेली. सुई आहे का, ते बघितलं असणार.

"आज घ्यायचं व्हय सायेब?" ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"नाही नाही. मारोतराव, एक आठवून सांगा. तुळसा नवी आली तेव्हा तिला खायला काय घालत होता?"

"गोळ्या. दुसरं काय, सायेब? तुमचा हुकूमच तसा."

"गोळ्याच? नक्की?"

"आता बगा," मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "गोळ्याच घालत होतो, पण खात कुठं होती? आठ दिस तोंडाला लावंना. पाठीचं मणकं मोजून घ्यावं, आशी झाली. मी डाक्टरला बोलावलं, त्यो म्हणाला, ही काय जगत न्हाई, दुसरी मागवा. आन् मग ह्या ताई आल्या."

मामांनी माझ्याकडे बोट केलं.

"मी म्हणलं ताई, चालली बगा ही. तवा ताईंच्या पिशवीत करडई व्हती. ती न्हाई का, तुमच्या त्या ट्रेमधली दाट झालेली रोपं उपटतेत, ती ताई भाजीला घरी न्यायच्या. ताईंनी एक रोप तिच्या म्होरं धरलं. मुळासकट. आन् सायेब, काय सांगू! नाक हाललं, वठ हालले, आन् लागली की कुरतडायला! ताईंच्या डोळ्यात पानी, माज्या डोळ्यात पानी."

सर माझ्याकडे बघत नव्हते. मामांकडेच बघत होते.

"मग?"

"मग काय, रोजच. ताई रोज सांच्याला मूठभर आनायच्या. आपली भाजी कमी करून आनायच्या. तीन हप्ते. अंगावर जरा मास धरलं, तवा तुमी रक्त काढलंत पयलं. त्याच्यानंतर टोचायला लागला तसं सगळं हिरवं बंद केलं बगा आमी, हुकूम म्हंजी हुकूम." मामांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. "मी तर हिथं समद्यांना सांगतो, ताई नसत्या तर सायेबांना ससाच न्हवता. सायेबांचं मोठं नाव झालं, ते ताईंच्या हातच्या घासानं."

नळ थेंबथेंब गळत होता.

मला सगळं आठवलं. त्या संध्याकाळी तिचे गार पडलेले कान. तिनं पहिलं पान ओढलं तेव्हा बोटाला झालेला दातांचा स्पर्श. त्या रात्री देवापुढे दिवा लावून मी म्हटलं होतं, वाचव तिला. आणि त्यानं वाचवलं होतं. इतकं सगळं झालं आणि ते माझ्या मनातून गेलं होतं, कारण ते कामात धरायचं असतं असं मला वाटलंच नव्हतं. वहीत मी रोज तापमान लिहीत होते, वजन लिहीत होते. घास लिहिला नव्हता.

"सर, मी..."

त्यांनी हात वर केला. रागानं नाही, बुवा साथीला थांबवतात तसा.

मग ते बंब्याच्या पिंजऱ्यापाशी गेले. बंब्या कोपऱ्यात अंग गोळा करून बसला होता.

"हा ढ नव्हता गं," सर म्हणाले. "आपण शिकवलं ते कुणालाच कळलं नव्हतं. तुळसानं ओळखलं ते घासातलं काहीतरी; ते भोईच, असं कुठं? यानं तसं प्रामाणिकपणे सांगितलं. तीनदा, चारदा सांगितलं. आपण याला काय काय बोललो."

"सर, पुन्हा टोचू. नवा तुकडा करू. मी थांबते, दोन वर्षं थांबते..."

"जूनअखेर माझी खोली रिकामी करायची आहे, सुहासिनी."

ते बाहेर गेले. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून प्रयोगशाळेकडे गेला.

मामा गोंधळून माझ्याकडे बघत होते. "ताई? काय चुकीचं बोल्लो का मी?"

"नाही मामा," मी म्हटलं. "खरं तेच बोललात."

तुळसा मागच्या पायांवर उभी राहून जाळीला नाक लावून होती. माझी चाहूल लागली की ती अशी उभी राहायची. पाच वर्षं ती अशी उभी राहत होती आणि मी म्हणायचे, कशी ओळखते बघा मला. आता मला तिच्याकडे बघवेना, आणि तिथून हलवेना. लेख परत बोलावावा लागणार होता. प्रबंधाच्या पाच प्रती माझ्या खोलीत कापडात बांधून ठेवल्या होत्या, त्यातलं एकही चित्र आता माझं नव्हतं. आणि सरांचं ते कडं. त्यात मला करता येण्याजोगं काहीच नव्हतं. माफी मागायची तरी कशाची? एक जीव वाचवला म्हणून?

चपलांचा आवाज परत आला.

सर दारात उभे होते. त्यांच्या मुठीत करडईची कोवळी रोपं होती. आमच्या खास ट्रेमधली, शेवटच्या प्रयोगासाठी राखून ठेवलेली, ज्यांना मी कुणाला बोटही लावू देत नसे. मुळांतून पाणी ठिबकत होतं, त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर डाग पडला होता.

"घे," ते म्हणाले. "घाल तिला."

"सर..."

"घाल. पाच वर्षं तिचं हिरवं बंद केलंय आपण. आता काय बिघडायचं राहिलंय?"

मामा पुढं सरकले. "सायेब, मग हिची ती तारीक?"

"तारीख नाही, मारोतराव," सर म्हणाले. "हिचं रक्त आता कुणालाच नको."

मामांनी दोन्ही हात जोडले. सरांना की रामाला, कळलं नाही. त्यांना वाटलं, सायेबांनी दया केली.

मी एक रोप जाळीतून आत धरलं. नाक हललं, ओठ हलले. सर माझ्या शेजारी उकिडवे बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "तू पण खाल्लीस ना गं ही भाजी? रोज? तुझं रक्त तपासलं तर तेही करडई ओळखेल." आणि हसायला गेले. ते हसू अर्ध्यावरच राहिलं. चष्मा काढून त्यांनी त्या ओल्या बाहीनंच डोळे पुसले.

त्यांनी मुठीतलं अर्धं उचलून बंब्यापुढे धरलं. बंब्या कोपऱ्यातून हलला नाही. सर धरूनच राहिले.

"ये रे," ते म्हणत होते. "ये. चुकलं आमचं. ये."